कोळिणीच्या पेटीतली चिलटं

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची पाळीव टॅरंटुला, तळहाताएवढी केसाळ कोळीण, हिंदी मुलखातल्या वृंदावन योजना या वसाहतीत, आमच्या भाड्याच्या घरात राहिली. "पापा, बस छुट्टियों तक सँभाल लो," एवढंच ती म्हणाली होती.

मार्चमध्ये कोळिणीनं खाणं सोडलं. मुलीनं फोनवर बजावलं, "मोल्ट से पहले ये खाती नहीं. कुछ मत डालना." मोल्ट म्हणजे कात टाकणं.

बायकोला ते पटेना. ती फोनवर मुलीलाच म्हणाली, "अगं, उपासालासुद्धा आपण साबुदाणा खातोच की! घरातलं कुणी उपाशी कसं ठेवू?" माझ्या नकळत ती रोज एक मारलेलं झुरळ कोळिणीच्या काचेच्या पेटीत टाकत राहिली. ती झुरळं पेटीतल्या मातीत, तिच्या बिळात कुजली आणि काचेवर चिलटं दिसू लागली.

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. अडलं की वाचायचं, ही तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी लावलेली सवय. तिच्यावरच बँकेतली नोकरी मिळाली. त्यांचं ऋण मी विसरलेलो नाही. इथंही मी वाचलं. औषध फवारायचं नाही, चिलटांआधी कोळीणच मरेल. चिमट्यानं कुजलेलं सगळं काढलं. पेटीच्या जाळीच्या भोकांवर मलमल चिकटवली. पेटीबाहेर व्हिनेगरच्या वाट्या ठेवल्या. ओल्या मातीत चिलटं वाढतात म्हणून मुलीला विचारून माती सुकू दिली. वाट्यांमध्ये चिलटांचा थर साचायचा आणि सकाळी काचेवर पुन्हा तितकीच. शेवटी रविवारी सगळी माती बदलायचं ठरवलं.

रविवारी सकाळी कोळीण उताणी पडली होती. कात टाकायला लागली होती. अशा वेळी पेटी हलवायचीही नसते.

दुपारपर्यंत पुढचे पाय सुटले, मागचे जुन्या कातीत अडकले. कात सुटायला ओल लागते, आणि ओल तर आम्हीच घालवली होती. नव्या, पांढऱ्या, मऊ अंगावर चिलटं फिरत होती.

"अहो, हाकला ना त्यांना!"

"हात लावला तर मरेल."

"आणि नाही लावला तर?"

बायको पेटीपासून उठेना, स्वयंपाकही राहिला.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन काचेजवळ धरला.

"पापा, पैर हिल रहा है! देखो, पीछे वाला!"

मी वाकून पाहिलं. पाय हलत नव्हता. त्यावर चिलटं चालत होती.