मुकी पट्टी

पेटीवादक म्हणून माझं बरं चाललंय. मुंबई-पुण्याच्या गायकांना साथ करतो, त्यापायी दोनदा विमानातही बसलोय. पण मुरबाडपासून जीपने अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावात मी टाळकरी. तिथल्या मारुतीच्या देवळातली पेटी माझे काका वाजवतात. मला त्यांनीच शिकवलं, त्याच पेटीवर. हनुमान जयंतीला मी न चुकता गावी जातो, मागच्या रांगेत बसून टाळ कुटतो आणि काका एकदा तरी "बस पेटीवर" म्हणतील याची वाट बघतो. वाट बघता बघता माझे केस पांढरे झाले, काकांचे गेले.

त्या पेटीची मधली एक पांढरी पट्टी मुकी होती. दाबली की नुसती हवा जायची. मी शिकत होतो तेव्हाही तसंच. तीन वर्षांपूर्वी माझ्या डोक्यात आलं, ही पट्टी बोलती करून दिली तर काका खूश होतील, आणि खूश झाले की जागा देतील. जयंतीच्या आधी काका दोन दिवस लग्नाला गेले होते. कुणाला न विचारता मी पेटी उचलली. कल्याणपर्यंत ती जीपमध्ये माझ्या मांडीवर होती आणि तिच्यावर एका मावशीची करवंदांची पाटी. दुरुस्तीवाल्याने त्या पट्टीखाली नवा सूर, म्हणजे वाजणारी पितळी जीभ, बसवला. मी पेटी देवळात होती तशी ठेवली आणि गप्प राहिलो.

जयंतीच्या सकाळी जन्म झाला, सुंठवडा वाटला, भजन सुरू झालं. आता काकांची एक सवय आहे. गाणारा दम घ्यायला थांबला, की ते मधलं बोट त्या मुक्या पट्टीवर टेकवतात, खुंटीवर टोपी अडकवावी तसं. मी हे लहानपणापासून बघतोय. नेमकं पेटी कल्याणला नेताना आठवलं नाही.

गाणारा थांबला, काकांनी बोट टेकवलं आणि देवळात जोरात पींऽऽ झालं. काकांनी बोट उचललं, पेटीकडे बघितलं, पुढे वाजवलं. परत दम, परत पींऽऽ. बायकांतून काकूंचा आवाज आला, "पेटीत मांजर शिरलंय का गो?"

काकांनी भाता बंद केला. "पेटीला कोनी हात लावला?"

"मी," म्हटलं. "नवा सूर बसवून आनला."

"तुला कोनी सांगितला होता?"

"कोनी नाय."

"मंग आता तूच बस."

इतक्या वर्षांनी जागा मिळाली ती अशी. मी बसलो, आणि एवढा नामुष्कीचा प्रसंग असूनही, खोटं कशाला सांगू, मनातून खूश होतो. पुढचा अभंग आमच्या गावच्या चालीचा. त्यात तो सूर जिथे यायला हवा तिथे मी तो ठसक्यात दिला. सगळे गाणारे अडखळले. पहिल्यापासून घेतलं, परत तिथेच अडखळले.

"तुजं चुकतंय रे," पखवाजवाला म्हणाला.

"चाल अशीच आहे," मी म्हटलं. "तुमी तो सूर गाळताय."

"आमी नाय गाळत. तो नायच त्याच्यात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती पट्टी मुकी म्हणून पेटीवर तो सूर कधी आला नाही, आणि पेटीच्या मागे गाता गाता गाव त्या सुराला वळसा घालून गायला शिकलं. मीही तसाच शिकलो होतो, पण बाहेरच्या पेट्या वाजवून माझी बोटं ते विसरली होती.

काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो. कल्यानचा सूर हाय, त्याला गावाची सवय नाय."

सगळे हसले. मी उठायला लागलो.

"उठतोस कशाला?" काका पुढे आले. त्यांनी उदबत्तीच्या पुड्याचा कागद फाडून घडी केली, पेटीचं झाकण उघडलं आणि ती त्या नव्या सुरावर दाबून बसवली. पट्टी दाबून बघितली. नुसती हवा.

"हां. आता वाजव," म्हणाले, आणि मागच्या रांगेत जाऊन त्यांनी माझे टाळ उचलले.

तेव्हापासून जयंतीला पेटीवर मीच असतो. भजनाआधी काका येऊन झाकण उघडतात आणि कागदाची घडी बदलतात. त्या कामाला मला हात लावू देत नाहीत.