कार्बनचा पिंजरा आणि मामांचा दम

आमच्या नांदेडच्या कॉलेजातल्या केमिस्ट्री लॅबमध्ये किस्से धुळीसारखे साचतात. एक झटकला की दोन उडतात. त्यातले बहुतेक मामांचे. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, किनवटकडचे. सगळी नोकरी त्याच एका खोलीत. आणि मी, कार्बनच्या मागं लागलेला मास्तर.

*

एकदा वर्गात शिकवत होतो. "हिरा आणि ग्रॅफाइट, कार्बनची ही दोन रूपं सगळ्यांना ठाऊक होती. मग सापडलं फुलरीन! साठ अणूंचा पोकळ पिंजरा, हुबेहूब फुटबॉल. कार्बनच्या रसायनात नवीन दालनच उघडलं!"

मागून मामा म्हणाले, "सर, आत काय ऱ्हातंय?"

"काही नाही. कधी कधी एखादा दुसरा अणू अडकवता येतो."

"मंग भाएर कसा येतो?"

"पिंजरा फोडल्याशिवाय नाही येत, मामा."

"हात्तिच्या! आपल्यावानीच की!"

पोरं हसली. मीही हसलो.

*

फुलरीनचं मॉडेल विकत घ्यायला कॉलेज तयार होईना. मामांनी खराट्याच्या नव्वद काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन तीन दिवसांत पिंजरा उभा केला. मी मोजून बघितलं. बारा पंचकोन, वीस षटकोन, एकही चूक नाही!

*

मग आठवडाभर खपून आम्ही बंद भांड्यात विजेच्या ठिणगीनं ग्रॅफाइटच्या कांड्या जाळल्या आणि काजळी जमवली. फुलरीन त्या काजळीतच असतं. सकाळी येऊन बघतो तर भांडं लखलखीत!

"लई काळं झालतं, सर. राखेनं घासून काढलं!"

मी कपाळावर हात मारला. पुन्हा आठवडाभर जाळत बसलो.

*

काजळी टोलुईन नावाच्या द्रावकात उकळली की फुलरीन विरघळतं, द्रावण जांभळं होतं. दिसायला देखणं, पण वाफ लई वाईट. ती ओढून घ्यायला फ्यूम हूड असतं, म्हणजे पंखा लावलेलं काचेचं कपाट. आमचा पंखा केव्हाच मेला होता. भांड्यापाशी मामा उभे राहायचे आणि खोकायचेही मामाच.

"सर, मला लायब्ररीत टाका. दम पुरंना गेलाय."

"तपासणी समिती येऊन जाऊ द्या, मामा. मग बघू."

समिती आली. त्यांची तपासायची रीत अशी, कपाटात कागदाची पट्टी लटकवायची. ती आत ओढली गेली की पंखा चालू समजायचा. मामा कपाटामागं बसले, छिद्रातून पट्टीपर्यंत रबरी नळी सारली आणि तोंडानं हवा ओढत राहिले. आत जांभळं भांडं उकळत होतं. युक्ती माझीच होती. सांगायलाही लाज वाटते.

पट्टी हलली! शेरा मिळाला, "फ्यूम हूड उत्तम स्थितीत."

मामांच्या बदलीच्या अर्जावर ऑफिसनं तोच शेरा लावला. लॅबमधली हवा चांगली असल्यानं बदलीचं कारण उरत नाही, म्हणे.

*

परवा दवाखान्यात गेलो. मामा खाटेवर बसलेले. सिस्टरनं त्यांच्या हातात प्लास्टिकचं एक यंत्र दिलं होतं. तीन कप्पे, त्यात तीन बॉल, खाली नळी.

"ओढा मामा, श्वास आत ओढा. एक तरी बॉल वर गेला पाहिजे."

मामांनी नळी तोंडात धरली. गालाला खड्डे पडेस्तोवर ओढलं. बॉल जागचा हलला नाही.

नळी काढून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"त्या दिशी तं हालली होती ना सर, पट्टी?"