सिस्टरचा वाटा

भंडारा जिल्ह्यात धान पिकवणारे पुष्कळ झाले, पण मिशनच्या इंग्रजी शाळेला खळ्यावरचा वाटा लावून देणारा एकच झाला, आणि तो माझा मामा. वडील गेल्यावर आई मला घेऊन एकोडीला माहेरी आली आणि मामाने मला तालुक्याच्या गावी सिस्टर लोकांच्या शाळेत घातलं. सत्तरीच्या दशकातली ही गोष्ट. फी रोख भरायची असते हे त्याला काही केल्या पटेना. सुतार, लोहार, न्हावी, सगळ्यांना धानाचा वाटा मिळतो, मग शिकवणाऱ्या बाईनेच काय पाप केलं? पहिल्याच वर्षी त्याने चिन्नोर धानाची पोती घातलेली बैलबंडी शाळेच्या फाटकात उभी केली. मोठ्या सिस्टर केरळच्या, मराठी कमी कळणार, म्हणून मामा त्यांच्याशी दुप्पट मोठ्याने बोलायचा. "सिस्टरबाई, हा तुमचा वाटा!" "फी पैशात भरा," त्या म्हणाल्या. मामाला वाटलं, वाटा कमी पडला. दुसऱ्या दिवशी तो आणखी एक पोतं घेऊन हजर! शेवटी सिस्टरनी हात टेकले. धान बोर्डिंगच्या कोठारात जाऊ लागलं आणि माझी फी त्यात वळती होऊ लागली.

घरी पाहुणे आले की तो मला इंग्रजी कविता म्हणायला लावी आणि अर्थ स्वतः सांगे. कविता चांदण्यांची असो की मेंढराची, अर्थ ठरलेला: "पोरगी म्हनते, जेवल्याबिगर जाऊ नका."

मी आठवीत असताना तलाव आटला आणि धान पोचट निघालं. आई म्हणाली, "दादा, यंदा पोरीले घरीच राहू दे." मामा उसळला, "काहून? आंधी सिस्टरचा वाटा काढतो, मंग आपला!" मला तर रडूच आलं होतं. बंडीत दोनच पोती घालून तो मला शाळेत घेऊन गेला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो हळू बोलला, "यंदा एवढंच आहे, सिस्टरबाई."

सिस्टरनी एक पोतं उतरवलं, दुसरं बंडीतच राहू दिलं. "पीक बुडालं की सुतारही वाटा कमी घेतो ना? मग मीही कमीच घेणार." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू वर्गात जा."

मी मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, तरी मामाची बंडी शाळेत जातच राहिली. म्हणायचा, "तू शिकली, पन शाळा तं शिकवूनच राहिली नं!"

आता मामा नाही, त्या सिस्टरही नाहीत. दर हंगामात मामेभावाकडून एक पोतं मागून घेते आणि रिक्षाने शाळेच्या फाटकात नेते. दरवेळी पहारेकरी नवा असतो आणि विचारतो, हे काय आणलं? मी मामासारखंच, गरजेपेक्षा दुप्पट मोठ्याने सांगते, "सिस्टरचा वाटा!"