मागच्या वर्षाच्या मापाचा फ्रॉक

मिरजेच्या डॉक्टरांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सरळ सांगितलं. हृदयाची झडप आखडलीय, बदलावी लागेल. वय ऐंशीला टेकलं असलं तरी अंगकाठी दणकट आहे, ऑपरेशन सोसेल. नाही बदलली तर वर्ष, फार तर दीड. आठ दिवसांत काय ते कळवा. आबांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी घातली आणि म्हणाले, "कळवायचं काय त्यात? न्हाई करायचं." आणि चपला शोधायला लागले.

मी तापट बाई आहे. शाळेत पोरं पाठीमागं मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. दवाखान्याच्या पायरीवरच मी तोंड सोडलं, "आवं आबा, डॉक्टर काय येडा हाय का?" ते आपले शांत. "ऐंशी वर्षं चाललेलं इंजिन हाय. आता उघडून फायदा न्हाई." सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपात ट्रक दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे देवधर्मापासून सर्दीपडशापर्यंत सगळ्याला इंजिनाचाच दाखला. कडेगावला घरी सोड म्हणाले, उसाला पाणी द्यायचंय. मी ऐकते होय! गाडीत घातलं आणि थेट साताऱ्याला माझ्या घरी आणलं.

दोन दिवस आम्ही भांडलो आणि तिसऱ्या दिवशी बोलणंच बंद झालं. पेपरातलं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, टीव्हीचा कंटाळा. दुपारभर पलंगावर बसून पंख्याकडे बघत राहायचे. मला ते बघवेना. मी नववीला इंग्रजी शिकवते. सुट्टीनंतर वर्गात वाचायला म्हणून एक पुस्तक काढून ठेवलं होतं. विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हाची कादंबरी, काळातून पुढंमागं जाणारं यंत्र बनवणाऱ्या एका माणसाची. म्हटलं, भांडण्यापेक्षा हे बरं. इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं आपल्या भाषेत सांगायची.

"खोट्या गोष्टी मला नगं सांगू," आबा म्हणाले. पण यंत्र म्हटल्यावर कान टवकारले.

"बसायचं कशावर?"

"खोगिरासारखी सीट हाय. पुढं दोन दांडे. एक दाबला की पुढच्या काळात, दुसरा दाबला की मागं."

"आन ब्रेक?"

"ब्रेकचं काय लिहिलेलं न्हाई."

"मग झालं कल्याण."

पण दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर स्वतःच उशी टेकून बसले. तो माणूस लाखो वर्षं पुढं जाऊन परत येतो, धुळीनं माखलेला, लंगडत. घरी दोस्तमंडळी जेवायला बसलेली. सगळे विचारतात, कुठं होतास? तर हा म्हणतो, आधी मटण वाढा, मग सांगतो. आबा खूश. "गडी आपल्याकडचाच दिसतोय." मग पुढच्या काळात उतरल्यावर तो यंत्राचे दांडे काढून खिशात घालतो असं आलं, तेव्हा तर मांडीवर थाप मारली. "शाब्बास! आमी पण ट्रक सोडून जाताना रोटर काढून खिशात घालायचो. मग कुणाच्या बापाला गाडी चालू हुयाची न्हाई." पान उलटलं आणि कुणीतरी अख्खं यंत्रच ओढून नेलं. आबा खवळले. "पहारा कुठं ठेवला हुता ह्येनं? आमच्यात असता तर बिल्ला उतरवला असता!"

हसताना त्यांना धाप लागायची. एका हातानं छाती धरून हसत होते आणि माझ्या डोक्यात तेवढंच: वर्ष, फार तर दीड. मी पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

सहाव्या दिवशी पुस्तक संपलं. शेवटी तो माणूस दोस्ताला म्हणतो, अर्ध्या तासात येतो, आणि यंत्रावर बसून जातो तो जातोच. वर्षं लोटली तरी पत्ता नाही. वाचताना माझीच जीभ अडखळली. मेलं, हेच पुस्तक बरं सापडलं मला!

आबा म्हणाले, "त्या दोस्ताचं वाईट वाटतं गं."

"आन जाणाऱ्याचं?"

"जाणाऱ्याला रस्ता असतो. मागं राहिलेल्याचं अवघड."

मी संधी साधली. विचारलं, "तुमाला दिलं ते यंत्र, तर कुठं जाल?" माझा डाव सोपा होता. ते म्हणणार पुढं, नातीच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, लग्नाला. मग मी म्हणणार, त्याला यंत्र कशाला, ऑपरेशन करा की.

"मागं," आबा म्हणाले. "तू तिसरीत हुतीस, त्या छुट्टीला."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पंचेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दर वर्षी छुट्टी संपली की निघायच्या आदल्या दिवशी ते मला उभी करायचे आणि दोऱ्यानं मोजायचे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. गाठ मारून दोरा ट्रंकेत. पुढच्या छुट्टीला निघताना, युनिट असेल त्या गावच्या बाजारात दोरा घेऊन जायचे आणि त्या मापाचा फ्रॉक घ्यायचे. म्हणजे दर वर्षी फ्रॉक एक वर्ष तोकडा. आई बिचारी उसवून, खाली पट्टी जोडून तो अंगात बसवायची. तिसरीच्या वर्षी तो दंडातच अडकला. मी ओढून काढून भिरकावला आणि म्हणाले, "ह्यो माझा न्हाई. तुमची दुसरी कोण पोरगी असंल, तिला द्या."

मला यातलं काही आठवत नाही. खरंच सांगते, काहीच नाही. आबांना मात्र त्याचा रंगसुद्धा ध्यानात आहे. पिवळा होता म्हणे, छातीवर दोन बदकं.

"आवं, तुमी एवढे मिस्त्री माणूस! पोर वर्षात वाढती हे कळत नव्हतं?"

"कळायचं की. दुकानदारबी म्हणायचा, साहेब, एक नंबर मोठा न्या. पर मोठा घेतला म्हंजे तू माझ्याबिगर वाढलीस हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. हात धजायचा न्हाई."

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलेच.

"मग आता कुठं निघालाय परत? वर्षातनं दोन महिने बाप दिसला मला. तुमी पेन्शनीत आला तवर मी सासरी. आता आई बी न्हाई. मला अजून बाप पाहिजे, बास्स! दुसरं कारण न्हाई माझ्याकडं!"

आणि पदरात तोंड घालून लहान पोरीसारखी हुंदके देत बसले. वर्गातल्या पोरांनी पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. आबा जवळ सरकले. पाठीवरून हात फिरवला, तोही अंदाज घेत, सवय नसल्यासारखा.

"रडू नगं. नाक लाल हुतंय तुझं."

आठव्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांसमोर बसल्यावर आबांनी विचारलं, "केलं तर किती वर्षं?" डॉक्टर म्हणाले, "हमी देता येत नाही, पण सगळं नीट झालं तर सात-आठ वर्षं आरामात जावीत."

आबांनी बोटं मोजली. माझ्याकडे मान करून म्हणाले, "म्हंजे ही साठी वलांडंल." डॉक्टरांना काही कळेना. आबांनी कागद पुढं ओढला. "पोर लहानाची मोठी हुताना बघायची राहिली, साहेब. आता मोठीची म्हातारी हुताना तरी बघतो. सही कुठं करायची?"

ऑपरेशन नीट पार पडलं, त्याला पाच महिने झाले. आबा माझ्याकडेच असतात, ऊस वाट्यानं दिलाय. सकाळी शाळेला निघायच्या आधी मी दारात केस विंचरायला बसते तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी येतात. काल वाकून नीट निरखलं आणि माझ्या कानामागं बोट ठेवलं.

"ह्यो पांढरा नवा हाय," म्हणाले. "परवा न्हवता."