टाकीचे पाय

भूगोलाच्या मास्तरांनी शनिवारी फळ्यावर एक देखणी आकृती काढली होती. डोंगरांच्या वाटीत बसलेलं शहर, तळाला साचलेली थंड हवा, तिच्यावर उबदार हवेचं झाकण आणि झाकणाखाली कोंडलेला धूर. हिवाळ्यात आपल्या गावात हेच होतं, असं त्यांनी दोनदा बजावून सांगितलं. रविवारी सकाळी साडेसातला त्याच झाकणाखाली, मावशीच्या धुलाईच्या दुकानाच्या गच्चीवर, मास्तरांनी प्रसूतिगृहाच्या चाळीस ओल्या पांढऱ्या चादरी स्वतःच्या हातांनी वाळत घातल्या.

मावशी गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली होती. जाताना तिने एकच गोष्ट सांगितली होती, "टाकीचे पाय दिसल्याशिवाय दोरीला हात लावू नकोस."

पाण्याची ती टाकी समोरच्या डोंगरावर होती. हिवाळ्यात सकाळी तिचा घुमट तेवढा दिसे, खालचे चार खांब गच्चीवरून बघताना धुरकटाआड गडप. अकराच्या सुमारास ऊन तळापर्यंत पोचलं की धूर उचलायचा, पाय दिसायचे आणि मावशी चादरींचे चिमटे हातात घ्यायची. साडेचारला सूर्य डोंगरामागे गेला की झाकण पुन्हा बंद. एकोणीस वर्षं तिचं घड्याळ हेच होतं. "पावसात हवा धुतलेली पण ऊन नाही, उन्हाळ्यात ऊन आहे पण खाणीची धूळ," असं ती म्हणायची, "आणि थंडीत ऊन वर, मी खाली."

मास्तरांना हे घड्याळ म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी वाटलं. वर आकाश स्वच्छ निळं होतं. मावशीला बरं वाटावं म्हणून त्यांनी काम उरकून टाकलं आणि वर्तमानपत्र घेऊन बसले.

साडेनऊला मावशी लंगडत गच्चीवर आली. चादरीवरून तिने बोट फिरवलं. बोट काळं.

"आकाश निळं होतं गं," मास्तर म्हणाले.

"आकाश वर असतं, राजा. चादरी खाली असतात."

ती एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं. या हिवाळ्यात दोन वेळा चादरी करड्या गेल्या होत्या, आणि तिसऱ्यांदा गेल्या तर काम पुलापलीकडच्या मशीनवाल्याला देईन, असं प्रसूतिगृहाच्या मेट्रनने साफ सांगितलं होतं. दुकानाचं निम्मं पोट त्या चादरींवर होतं. पोचवायच्या होत्या संध्याकाळी पाचला.

दोघांनी चाळीसच्या चाळीस पुन्हा धुतल्या. मावशी साबण लावी, मास्तर पिळत. पिळताना त्यांच्या दंडांना कळलं की पदवीला वजन नसतं, ओल्या चादरीला असतं. बारा वाजले. टाकी अजून लंगडीच. वाऱ्याचा मागमूस नाही.

"आज उठत नाही बघ तो धूर," मावशी खाली बसत म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला.

मास्तर टाकीच्या घुमटाकडे बघत राहिले. तो मात्र उन्हात चकचकत होता. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, झाकण उघडत नसेल तर आपण झाकणाच्या वर जाऊ! वर हवा स्वच्छ असते, उबदारही. मी काल फळ्यावर..."

"काल फळ्यावर होतं ते सकाळी कुठे गेलं होतं?" मावशी म्हणाली, आणि उठून ओल्या चादरी बादल्यांत भरायला लागली.

दुकानाचा टेम्पो वळणावळणाने चढला. शेवटच्या वळणावर काचेसमोरचा करडेपणा एकदम संपला आणि ऊन अंगावर आलं. खालून न दिसणारे टाकीचे पाय इथे लख्ख उन्हात उभे होते. टाकीचा रखवालदार खुर्चीत पाय पसरून बसला होता. चाळीस चादरी बघून तो उठलाच.

"ताई, इथे बाळंतिणी आणताय की काय?"

"चादरी आणल्यात, भाऊ. बाळंतिणी खाली आहेत," मावशी म्हणाली. "दोरी आहे का?"

त्याच्याकडे एक जाड नायलॉनची दोरी होती. "उद्या परत द्या हं, मास्तर. पंप ओढायला लागते," तो म्हणाला. मास्तरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. टाकीच्या चार पायांना दोरी गुंडाळली गेली आणि चादरी फडफडायला लागल्या. खाली शहर नव्हतंच, नुसतं मळकं धुण्याचं पाणी साचल्यासारखं दिसत होतं. मावशी कठड्याशी उभी राहून कितीतरी वेळ ते बघत होती.

"ह्याच्यात राहतो आपण?" ती म्हणाली.

मास्तरांच्या आकृतीत त्या धुरासाठी फक्त एक बाण होता.

पाचला मेट्रनने एकेक चादर खिडकीशी धरून पाहिली, नाकाला लावली. "कुठे वाळवल्यात?"

"जरा वरच्या मजल्यावर," मावशी म्हणाली. काम टिकलं.

हे होऊन तीन आठवडे झाले. रविवारी आता मास्तर गच्चीवर असतात, पण टाकीकडे नजर लावून. अकराला एकेक पाय उघडा पडतो, मावशी खालून विचारते, "किती दिसले?" आणि मास्तर "चारही," असं ओरडून पहिली चादर टाकतात. टाकतात त्या जाड नायलॉनच्या दोरीवर. मग डोंगराकडे बघायचं ते जरा टाळतात.