खाडीतले लाल ठिपके

कुठेही शिरताना डॉक्टर दारातच थबकायचे. लग्नाचा हॉल असो, सोसायटीची मीटिंग असो, की माझं स्वयंपाकघर. मान जराशी तिरकी करायची, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायचं आणि हळूच विचारायचं, "हे झाले दिसलेले. न दिसलेले किती?"

स्वयंपाकघरात मी एकटीच असायचे. त्यामुळे तो प्रश्न ऐकला की माझी मान आपोआप मागे वळायची.

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर भाड्याने आले तेव्हा मी नुकतीच निवृत्त होऊन सोसायटीची सेक्रेटरी झाले होते. तेव्हाच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. साठी उलटली होती, पण अक्कल अजून पोस्टातच होती. पाटीवर 'डॉक्टर' वाचून मी पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर गुडघा पुढे केला.

"काकू, मी प्राण्यांची संख्या काढणारा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "गुडघे दोनच असतात. त्यात माझं काम नाही."

बिल्डिंगमधलं एकूण एक माणूस मला माहीत आहे, अशी माझी फुशारकी. ती ऐकून त्यांनी मला कामाला लावलं. या आठवड्यात जिन्यात कोण कोण भेटलं ते लिहा, पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहा. दोन्ही याद्यांत कोणाची नावं आहेत ते त्यांनी पाहिलं, काहीतरी गुणाकार-भागाकार केला आणि म्हणाले, "काकू, तुम्ही कधीच न पाहिलेली दहा-बारा माणसं इथे राहतात."

मी हसले. त्याच दुपारी चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटसमोरून जाताना आतून कुकरची शिट्टी ऐकली. दाराला बाहेरून कुलूप होतं, कुलपावर धूळ होती. मी सेक्रेटरी. बेल दाबायची सोडून वहाणा हातात घेऊन जिना उतरले.

त्यांचं खरं काम चालायचं ते मिठागरांपलीकडे, तिवरांच्या कडेच्या चिखलात. उद्योग नसल्यामुळे मीही त्यांच्या मागे जाऊ लागले. दुपारच्या ओहोटीला तिथे नखाएवढे खेकडे हजारोंनी वर यायचे. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी. ती उचलायची, खाली घ्यायची, पुन्हा उचलायची. सगळे एकदम, आणि कसलाही आवाज नाही. कुणीतरी हात करून बोलावतंय असंच वाटायचं. एक पाऊल टाकलं की सगळे बिळात. मग समोर नुसता चिखल, त्याला पडलेली भोकं आणि भोकांपाशी आतून ढकललेल्या चिखलाच्या गोळ्या. खाली कुणीतरी श्वास धरून बसलंय, हे तळपायांना कळायचं.

त्या चिखलावर भराव टाकून ट्रक उभे करायची जागा करायची होती. निर्णय घेणाऱ्या समितीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: इथे जीव किती आहेत? भरपूर आहेत असं सिद्ध झालं तर भराव थांबणार होता. हातात दीड महिना होता.

डॉक्टरांची रीत साधी होती. काही खेकडे पकडायचे, पाठीवर लाल ठिपका द्यायचा, सोडून द्यायचे. चार दिवसांनी पुन्हा पकडायचे आणि त्यात ठिपकेवाले किती निघतात ते पाहायचं. ठिपक्यासाठी नेलपॉलिश लागायचं. ते आणायला मी नया नगरातल्या एका दुकानात गेले.

"भैया, जो जल्दी ना निकले वो दो."

"शादी है क्या आंटी घर में?"

"नहीं, केकड़ों को लगाना है."

त्याने बाटली कागदात गुंडाळून दिली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

चिखलात शिंपल्या वेचायला एक मावशी यायची, माहेर तारोडीचं. तिला आमचा उद्योग पसंत नव्हता. "बाय, रंग नको लावू त्यांना," ती मला म्हणाली. "रंगवलेला परत येत न्हाय."

"कुठे जातो मग?"

"मना काय ठाव. खाली जागा बरीच हाय."

पहिल्या फेरमोजणीत लाल ठिपक्याचे दोनच सापडले. डॉक्टरांनी आकडा लिहून वही मिटली. मला वाटलं, बिचाऱ्याचे खेकडे हरवले. दुसऱ्या दिवशी ते कामासाठी मुंबईत गेले. ओहोटीला मी एकटी गेले आणि पाठ दुखेपर्यंत खेकडे रंगवत बसले. माझ्या मते हे पुण्यकर्म होतं.

पुढच्या मोजणीला जिकडेतिकडे लाल. डॉक्टर आता हसतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा चेहरा चिखलाच्या रंगाचा झाला.

"दोन सापडले तेव्हा मी खूश होतो, काकू," परत येताना ते म्हणाले. "जीव भरपूर असले की खूण केलेले त्यात हरवून जातात. मोजकेच उरले असतील तरच तेच तेच पुन्हा हातात येतात. म्हणजे इथे फारसं काही नाहीच."

मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते अहवाल घेऊन घरी आले. त्यातला आकडा इतका लहान होता की भराव टाकायला कुणाचीच हरकत राहिली नसती. चहा ठेवता ठेवता, त्यांच्याकडे पाठ करून, मी सगळं सांगून टाकलं.

"किती रंगवलेत?"

"मोजले नाहीत."

"मोजले असते तर वजा करता आले असते," ते म्हणाले. मग हसायला लागले. "इतके दिवस माझ्याबरोबर मोजणारी बाई, आणि मोजले नाहीत!" हसता हसता ते थांबले आणि बराच वेळ डोळे पुसत बसले.

आता निळा रंग आणला. समितीच्या बैठकीआधी एकाच मोजणीपुरता वेळ होता. आम्ही दोघांनी तीन दुपारी निळे ठिपके दिले, चार दिवस थांबलो आणि पुन्हा पकडायला बसलो. चिखल खेकड्यांनी भरला होता. एकाच्याही पाठीवर निळं नव्हतं. लालसुद्धा नव्हतं. आम्ही पकडत राहिलो आणि ते सगळे कोरे निघत राहिले, जणू आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो. मावशी टोपली घेऊन उभी होती.

"शून्याचे दोन अर्थ," डॉक्टर म्हणाले. "एक तर इतके आहेत की आपले त्यात हरवले. नाहीतर आपण हात लावलेला एकही उरला नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं."

"मग पहिला अर्थ लिहा. कोण येतंय चिखलात बघायला?"

"तुम्ही तेच केलं होतंत, काकू."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी अहवालात 'सांगता येत नाही' असं लिहिलं, सही केली आणि समितीला दिला. पावसाळ्याआधी भराव पडला. दिवाळीत ते खोली सोडून गेले. जाताना माझ्या दारात क्षणभर थबकले, पण काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी नातवाच्या शाळेवरून परतताना माझी रिक्षा त्या ट्रकच्या जागेशी बंद पडली. सहज आत गेले. रोलर फिरवून टणक केलेली जमीन, आणि तिला भोकं. कडेला थोडी, मधे पुष्कळ. बाजूला एक ड्रायव्हर जेवत बसला होता. म्हणाला, "हर हफ्ते भरते हैं आंटी, फिर निकल आते हैं. चूहे होंगे."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. एका बाईने उचलला. त्यांची बहीण.

"दादा थंडीत गेला," ती म्हणाली. "काही काम होतं का?"

"आहेत, एवढंच सांगायचं होतं."

"कोण आहेत?"

माझ्या पायाशी एक भोक होतं. आतून ओल्या चिखलाची एक गोळी हळूच वर ढकलली गेली. मग दुसरी. मग तिसरी. मी फोन कानाला लावून उभी राहिले, पण वर कुणी आलं नाही.