मनापासून केलेली चेष्टा

माझ्या मेहुण्याची नोकरी एक गाय, एक लठ्ठ माणूस आणि माझं शुद्ध मराठी या तिघांनी मिळून जवळजवळ घालवली होती.

गोष्ट आमची इंदूरची मिल बंद झाली तेव्हाची. मी टाइम ऑफिसात कारकून आणि प्रकाश (म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा धाकटा भाऊ) विणकाम खात्यात. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं आणि आम्ही दोघंही साहेबासारखे घरी बसून पेपर वाचू लागलो. पेपरात रोज छापून यायचं की देशाची दारं उघडली. उघडली असतील! त्या गडबडीत आमचं एक फाटक तेवढं बंद झालं होतं.

पुढे पोलोग्राउंडजवळ नव्या विदेशी मोटारींचं शोरूम निघालं आणि प्रकाश तिथे तीन महिन्यांच्या बोलीवर लागला. उद्घाटनाच्या दिवशी काम पसंत पडलं तर सेठजी त्याला पक्कं करणार होते. त्याच्या घरात दोन मुली, बायको ब्लाउज शिवून संसार रेटत होती. ती नोकरी गेली असती तर त्याला इंदूर सोडावं लागलं असतं.

आता माझ्याविषयी. इंदूरचा मराठी माणूस वाक्य मराठीत सुरू करतो, हिंदीत वळवतो आणि मालवीत थांबवतो. मला ते खपत नसे. मिल गेल्यापासून तर मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी घरातल्या मराठीवर पहारा बसवला होता.

"जीजाजी, जरा पंखा तेज करा ना," प्रकाश म्हणायचा.

"भाऊजी म्हण! आणि पंखा तेज नसतो, जोरात असतो."

"बरोबर आहे, जीजाजी."

असा हा प्रकाश एका दुपारी भलीमोठी गुंडाळी घेऊन आला. आत जुन्या विलायती मोटारींच्या जाहिराती, मोठ्या करून छापलेल्या. सेठजींना त्या शोरूमच्या भिंतीवर लावायच्या होत्या आणि प्रत्येक चित्राखाली दोन ओळी हव्या होत्या. टाइम ऑफिसच्या फळ्यावर मी रोज सुविचार लिहायचो, हे प्रकाशनेच त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

"सेठजी बोलले," प्रकाश म्हणाला, "जीजाजींना म्हणा, या फोटोंवर थोडी चेष्टा करा. पूरे मन से."

"चेष्टा करा म्हणाले?"

"हो ना. हाच शब्द बोलले. चेष्टा."

मी सुखावलो. एक तर पोराच्या तोंडून अख्ख्या वर्षात एक अस्सल मराठी शब्द आला होता. दुसरं म्हणजे, स्वतःच्याच धंद्याची चेष्टा करवून घेणारा सेठ! असा दिलदार माणूस आमच्या मिलला मिळाला असता तर!

सुनंदा मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायची. ती म्हणाली, "अहो, लिहून झालं की मला दाखवा एकदा."

"हिंदी तुझी असेल, विनोद माझा आहे," मी म्हणालो. (हे वाक्य तिने अजून मला माफ केलेलं नाही.)

आणि ती चित्रं! काय सांगू! एका चित्रात एक मडम झगमगता झगा घालून मोटारीच्या बॉनेटवर आडवी झाली होती. मी लिहिलं, 'बाईजी, घर में पलंग नहीं है क्या?' दुसऱ्यात नवरा, बायको, आजी आणि कुत्रा, सगळे बंद पडलेल्या गाडीशेजारी उभे राहून हसत होते. 'इंजन बंद, दाँत चालू!' तिसऱ्यात एका चिमुकल्या गाडीत नऊ माणसं कोंबलेली. 'हमारे टेम्पो में बारह बैठते हैं। तीन और आ जाओ, भिया!' मग एक गाय मोटारीकडे टक लावून पाहत होती. तिच्या तोंडी मी घातलं, 'बहन, तू दूध कितना देती है?' उंच टोपीवाल्या एका लठ्ठ गृहस्थाखाली लिहिलं, 'गाड़ी लंबी, सेठ चौड़े। गली में पहले कौन जाएगा?'

शेवटच्या चित्रात एक जोडपं मोटारीशेजारी चादर अंथरून सँडविच खात होतं आणि मागे एका कारखान्याची धूर नसलेली चिमणी होती. तिथे मात्र माझं हसू आटलं. मला राग आला, खरंच आला. मी लिहिलं, 'मिल बंद, हवा साफ। आओ, पिकनिक मनाएँ!'

प्रकाशने सगळं वाचलं. "जीजाजी, ये थोडं ज्यादा नाही झालं?"

"तूच म्हणालास ना, चेष्टा करा?"

"हो, बोलले तर तेच."

"मग? पूरे मन से केली आहे."

पाट्या रंगाऱ्याकडून उद्घाटनाच्या सकाळीच ओल्या-ओल्या आल्या आणि थेट भिंतीवर चढल्या. सेठजी फुलांच्या कमानीत गुंतलेले, त्यांनी पाहिल्याच नाहीत. पाहुण्यांत सेठजींचे व्याही होते; रुंदीने चित्रातल्या गृहस्थाला भारी. ते नेमके त्याच चित्रासमोर थांबले आणि एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले. "से...ठ चौ...ड़े." पुढे त्यांनी वाचलं नाही. इकडे गायीपाशी बायकांचा घोळका तोंडाला पदर लावून खिदळत होता. मी कोपऱ्यात उभा राहून मान डोलावत होतो, कारण कार्यक्रम रंगला आहे अशी माझी समजूत होती!

गर्दी दिसावी म्हणून प्रकाशने मिलमधले जुने सोबती बोलावले होते. ते सगळे चिमणीच्या चित्रासमोर उभे होते. त्यातला एक जण म्हणाला, "भिया, सही लिखा है जिसने भी लिखा." तेवढ्यात सेठजी आले, त्यांनी वाचलं आणि ते चित्र खिळ्यासकट उपटलं.

"प्रकाश! कौन हैं तुम्हारे जीजाजी?"

मी छाती काढून पुढे झालो.

"ये चेष्टा है आपकी?" सेठजी ओरडले.

"हाँ सेठजी, पूरी मेरी है."

"आपने जरा भी चेष्टा नहीं की!"

हे मात्र मला लागलं. "और कितनी करूँ, सेठजी? एक भी फोटो नहीं छोड़ा! गाय तक की की है!"

सेठजी प्रकाशकडे वळले. "कल से मत आना." प्रकाशचा चेहरा पांढरा पडला. त्याची बायको दारापाशी मुलींचे हात धरून उभी होती, तिने ते ऐकलं. माझ्या दोन ओळींमुळे एका माणसाचं घर मोडत होतं आणि का, तेच मला कळत नव्हतं.

तेव्हा सुनंदा गर्दीतून पुढे आली. "सेठजी, माफ कीजिए. प्रकाशची काही चूक नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. तुम्ही प्रयत्न करायला सांगितलंत, यांनी थट्टा केली. मन लावून केली."

आधी सेठजींचं पोट हललं, खांदे हलले आणि शेवटी ते रडेपर्यंत हसले. व्याह्यांनाही त्यांनी हा किस्सा दोनदा समजावून सांगितला. प्रकाशच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुम पक्के. पर एक शर्त है. तुम्हारे जीजाजी को शिक्षा दी जाएगी."

मी लगेच हात जोडले. "सेठजी, जी शिक्षा द्याल ती कबूल!"

दुसऱ्या दिवसापासून दोन महिने, रोज संध्याकाळी, सुनंदाच्या शिकवणीत सहावीच्या मुलींबरोबर जमिनीवर बसून मी हिंदी शिकलो. 'शिक्षा' या शब्दाचे हिंदी आणि मराठी, दोन्ही अर्थ मला तिथे एकदमच कळले.